निनावे काकांचा उतार

वही एकच. पुढून गणित, मागून अर्थशास्त्र.
वहीचे पैसे वाचतात असं आईला सांगितलंय,
खरं म्हणजे बॅग हलकी लागते
गोळीबार चौकातून बर्डीपर्यंत चालताना.

नऊ वाजता पिंपळापुरे सर म्हणतात, समजा.
समजा, हे फलन सलग आहे.
समजा, प्रत्येक बिंदूपाशी त्याला उतार आहे.
बारा वाजता खापेकर मॅडम म्हणतात,
इतर परिस्थिती स्थिर असताना.
नागपुरात, एप्रिलच्या शेवटी,
कूलरमधलं पाणी संपलेल्या वर्गात,
इतर परिस्थिती स्थिर असताना.

मॅडम किंमत उभ्या अक्षावर घेतात.
सर म्हणतात हे उलटं आहे, कारण आडवं असतं, परिणाम उभा.
मॅडम म्हणतात, आमच्यात असंच चालतं,
नव्या सुनेला सांगावं तसं.
मी दोन्ही घरची.
मान तिरकी करून आकृती वाचते.

पहाटे साडेचारला वही बंद.
तेव्हा मी कांदा चिरते, आई तर्री ढवळते.
शून्य मैलाचा दगड असेल तिकडे बर्डीच्या पुढे,
आमचा आरंभबिंदू विजेच्या खांबाशी:
पोह्यांच्या गाडीच्या डाव्या चाकाखालची वीट.

सिलेंडर महागला तेव्हा आई म्हणाली,
तुह्या त्या रेघा काही सांगतात का गं,
का नुसत्याच काढून राहिली?
मी म्हटलं, आठवडाभर पंचवीस लावून बघ.
वीसला रोजच्या एकशे दहा प्लेटा,
पंचविसाला नव्याण्णव.
लवचिकता शून्य पूर्णांक चार.
गल्ला बावीसशेवरून चोवीसशे पंचाहत्तर.
उत्तराखाली दोन रेघा मारल्या, एक जरा जास्तच लांब.

आईनं नोटा मोजल्या, रबर लावलं, विचारलं,
अकरा कोण?

अकरा म्हणजे अकरा, आई. डेल्टा क्यू.
तिनं पेरांवर धरायला सुरुवात केली:
हेडाऊचा धाकटा.
ते दोघे रंगारी, सासरा-जावई.
मेयोतली आया, पोहे कमी तर्री जास्त.
क्लासला जाणारं ते पोट्टं, लिंबू दोनदा मागायचं.
अंगठ्याशी येऊन थांबली.
आणि निनावे काका.

यंत्रमागावर तीस वर्षं रात्रपाळी,
कान गेले, म्हणून भाव बोटांनी सांगावा लागतो.
आईनं त्या सोमवारी दोन बोटं दाखवली, मग पंजा.
त्यांना तो पंजा
थांबा असा दिसला असेल.

आडनावच निनावे,
आणि मी त्यांना क्ष म्हणून मोकळी झाले होते.

सरांना विचारलं, वक्र सलग कसा?
साडेनव्याण्णव प्लेटा तर कोणी खात नाही.
माणूस येतो नाहीतर येत नाही.
सर खडू झटकत हसले:
आधी समजा, मग समजेल.

आईनं काकांना गाठलंच, बर्फाच्या दुकानापाशी.
दोन बोटं दाखवली. फक्त दोन. तुमच्यासाठी जुनाच.
(याला मूल्यभेद म्हणतात, पुढच्या सत्रात आहे,
आई ते आधीच करून बसली.)
काकांनी मान हलवली, आणि पंजा उघडून
तिच्याचसमोर धरला.
भाव म्हणजे भाव, बाई, म्हणाले,
न ऐकू येणारी माणसं बोलतात तितक्या मोठ्यानं.

आता येतात मंगळवारी आणि शनिवारी,
पूर्ण पंचवीस देऊन.
मी वहीच्या मधल्या पानावर मांडलं,
पुढून आणि मागून तेवढंच कोरं उरलं होतं:
दोन सप्तमांश निनावे काका.
सरांचं बरोबर होतं. वक्र कुठंच तुटत नाही.

उरलेले पाच सप्तमांश
समोरच्या बाजूनं जातात,
सायकल हातात धरून.
आई तेव्हा तर्री ढवळते
आणि तिकडे बघत नाही.